उलट्या हाताच्या चिठ्ठ्या

रवि., ५ जाने.

बेसाले गेली. संकेतच्या घरी, त्याच्या तेरवीनंतर पहिल्यांदाच. हर्षल आणि पायल आधीच येऊन सोफ्याच्या दोन टोकाले बसले होते, मधात जागा सोडून. मीबी तिथं नाही बसली, खुर्ची ओढली.

काकूनं, म्हणजे संकेतच्या आईनं, टोस्टचा निळा डबा आणून टीपॉयवर ठेवला. तीन महिने शोकेसमध्येच होता म्हणे. "याचा बाप म्हणते फेकून दे. म्या नाई फेकत. त्याच्या चिठ्ठ्या हाय याच्यात. तुम्ही सुरू केलं, तुम्हीच संपवा."

मग काकूले सगळं पहिल्यापासून सांगा लागलं. गेल्या जूनमध्ये चौघंही कंटाळ्यानं मरून राहिलो होतो. परीक्षा संपलेल्या, नोकऱ्यांचा पत्ता नाही, दर रविवारी मनीषनगरच्या त्याच टपरीवर तोच चहा आणि "आता काय करायचं बे". संकेतनंच काढलं डोक्यातून. प्रत्येकानं पाच चिठ्ठ्या टाकायच्या, मजेचं काहीतरी, रविवारी एक काढायची, निघेल ते करायचं, नाही म्हणायचं नाही. कोणाची चिठ्ठी ते कळू नये म्हणून उलट्या हातानं लिहायची. आम्ही तिघांनी डाव्या हातानं लिहिल्या. संकेत डावखुरा, त्यानं उजव्या हातानं. चौघांच्या मिळून वीस. आठ झाल्या होत्या. झालेली चिठ्ठी धाग्यात ओवून ठेवायची, ते काम माझं. धागा काकूच्याच मशीनचा, लाल.

काकूनं धागा हातात घेतला आणि सात चिठ्ठ्या चष्मा लावून वाचल्या. सगळी अक्षरं सारखीच घाण, आमचं आम्हाले ओळखू येत नाही. काकूनं दोन बाजूले काढल्या. "ह्या त्याच्या."

हर्षल म्हणाला, काकू कसं कळलं?

पहिलीत असताना मॅडम त्याच्या डाव्या हातावर फूटपट्टी मारायच्या म्हणे. मग काकूनं उन्हाळाभर त्याचा उजवा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं. दुसरीत मॅडम बदलल्या, त्यानं परत डावा धरला. पण उजव्या हाताचं वळण तेच राहिलं, सहा वर्षाच्या पोराचं. "ह्या 'क'चं पोट पाय. माह्या हातानं काढलेला हाय तो."

मग विचारलं, खाणीची चिठ्ठी कुठं हाय?

हर्षल म्हणाला, त्याच्या खिशात होती, पाण्यात गेली. पायल म्हणाली, त्याचीच होती ती काकू, त्याचं मामाघर उमरेडचं, त्यालेच माहीत होती ती जागा. काका आतून म्हणाले, "सोताच लिवलं, सोताच गेला. अक्कल नाई तर काय." टीव्हीचा आवाज वाढवला.

मी खाली पाहून राहिली.

ती माझी होती. मी लिहिली. संकेतनं वाचून माझ्याच हातात दिली ओवायले. याच वहीच्या मागच्या कव्हरात आहे. "उमरेडच्या पुढच्या बंद खाणीचं निळं पाणी पाहायचं. पाण्यात पहिला पाय टाकेल तो राजा." रीलमध्ये पाहिलं होतं मी ते पाणी. बस, एवढंच. रील पाहिली आणि लिहून टाकलं.


सोम., ६ जाने.

लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट वाटले. दोन जणांचे रिपोर्ट अदलाबदल केले. त्यातल्या बाईनंच परत आणून दिला, "ह्या रिपोर्टमध्ये मी पुरुष आहे," म्हणाली. हसली बिचारी. मले रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन आली.

हिशेब डोक्यातून जात नाही. संकेतच्या पाच. दोन काकूनं ओळखल्या. खाणीची त्याची धरली तर तीन. म्हणजे डब्यात दोन उरल्या असं सगळे समजतात. पण डब्यात तीन आहेत. काकूले त्याचं अक्षर कळते.

तिसरी निघाली की झालं.


रवि., १२ जाने.

काकूनं डबा हलवला, पायलनं काढली. "बर्डीवर उभं राहून जी पहिली बस येईल तिच्यात बसायचं. शेवटच्या स्टॉपपर्यंत." काकू म्हणाल्या, ही त्याची नाई. बाराच्या अकरा उरल्या.

गेलो. उन्हात उभं. पहिली बस आली ती उमरेडची, लाल एस.टी. कंडक्टर ओरडून राहिला, उमरेड उमरेड. तिघांपैकी कोणीच हललं नाही. बस गेली. मग हर्षल म्हणाला, ही पहिली नाही धरायची, एस.टी. चालत नाही, सिटी बस म्हणायचं होतं. हाव म्हणालो. दुसरीत बसलो, हिंगण्याले गेलो, तिथं सांबारवडी खाल्ली, परत आलो.

बसमध्ये तिघांच्या सीटवर तिघं बसलो तरी कोणीतरी उभं आहे असं वाटून मी दोनदा वर पाहिलं. एक काका उभे होते. त्यांना वाटलं मी जागा देऊन राहिली. द्यावी लागली.


मंगळ., १४ जाने.

संक्रांत. सकाळपासून गच्च्यांवर ओ काट, ओ काट. आईनं तीळगूळ दिला, वर गेली नाही. मागच्या वर्षी संकेत आमच्याच गच्चीवर होता. डाव्या हातानं ढील द्यायचा, शेजारचे पोरं म्हणायचे, हा उलटा माणूस आहे, याचा पतंग कुठून येते कळतच नाही.


रवि., १९ जाने.

हर्षलनं काढली. वाचायच्या आधीच काकूनं हातातून घेतली. बोट फिरवलं. "हे पाय. त्याची."

"सगळ्यांचे मोबाइल डब्यात. फुटाळ्यावर बसायचं. ज्याले पहिले बोअर होईल त्यानं जोरात गाणं म्हणायचं, लोकांसमोर."

तीन झाल्या. चार, त्यांच्या हिशेबानं.

मोबाइल डब्यात टाकले, चिठ्ठ्या पिशवीत. फुटाळा तलावावर भुट्टा खात बसलो. दोन तास झाले, कोणालेच बोअर झालं नाही, म्हणजे कोणी कबूल केलं नाही. पाण्याकडं पाठ करून बसलो होतो तिघंही. ठरवलं नव्हतं. शेवटी पायलनं राष्ट्रगीत म्हणायले सुरुवात केली आणि आजूबाजूचे लोक खरंच उभे राहिले. एक आजोबा भुट्टा हातात धरून सावधान. इतकं हसलो, इतकं हसलो. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. घरी आल्यावर मले लाज वाटली.


गुरु., २३ जाने.

आईले सांगितलं. पोळ्या लाटता लाटता ऐकलं तिनं सगळं. गॅस बंद केला.

"तू ढकललं का त्याले?"

नाही.

"मग? सांगून तिचा पोरगा येईल का परत? उद्या त्याच्या बापानं पोलिसात नाव घातलं तर? तुझं सगळं आयुष्य पडलं आहे पुढं. गप राह्य ऋतू." परत गॅस लावला. पोळी करपली, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

चिठ्ठी कुठं आहे ते तिले नाही सांगितलं. सांगितलं असतं तर चुलीत गेली असती. गॅसवर. तेच.


रवि., २ फेब्रु.

"अनोळखी लग्नात जेवून यायचं. नवरीसोबत फोटो पाहिजे." ही हर्षलची, लिहितानाच हसला असेल डुक्कर. काकू म्हणाल्या, त्याची नाई, पण जा.

वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये घुसलो. कोणी विचारलं तर मुलाकडचे, असं ठरलं. मुलाकडच्याच एका मामानं धरलं, काहून इतक्या उशिरा आले म्हणून रागावले, स्वतःच्या हातानं वाढलं. वडाभात, मठ्ठा, जिलबी. हर्षलनं त्यांना विचारलं, मामी नाही आल्या का? ते म्हणाले, गेल्या वर्षी वारल्या, तू होता ना. हर्षल "हाव हाव" म्हणाला आणि पुढं जेवलाच नाही.

स्टेजवर गेलो. फोटोवाला कॅमेऱ्यातून पाहून म्हणाला, "मधात जागा काहून सोडली? सरका ना जवळ." पाहिलं तर पायल आणि माझ्यात एक माणूस मावेल एवढी जागा. सरकलो. त्यानं फोटो काढला. "अजून सरका," म्हणाला.


रवि., ९ फेब्रु.

"दिवसभर पुणेरी बोलायचं. ज्याच्या तोंडून मले-तुले निघेल त्यानं जिथं असेल तिथं पाच उठाबशा." ही पायलची. हर्षलच्या बाबाच्या मोबाइलच्या दुकानात बसलो मुद्दाम. हर्षल गिऱ्हाईकाले म्हणाला, "आपल्याला कोणतं कव्हर हवं आहे?" तो म्हणाला, "काऊन गा, तबेत बरी नाही का?" चाळीस उठाबशा काढल्या मी एकटीनं. पाय भरून आले.

काकूले सांगायले गेलो तर काकूबी हसल्या. मग म्हणाल्या, संकेतनं किती काढल्या असत्या? हर्षल म्हणाला, शंभर. "नाई," काकू म्हणाल्या, "तो बोललाच नसता दिवसभर. जिंकाले." तसंच केलं असतं त्यानं. ज्या खेळात जिंकायचं असेल त्यात तो काहीही करायचा.

पहिला पाय टाकेल तो राजा.


मंगळ., ११ फेब्रु.

आईची जुनी साडी फॉल लावायले म्हणून घेतली आणि एकटी बेसाले गेली. आज सांगून टाकते असं गाडीवर बोलत बोलत गेली, हेल्मेटच्या आत. "काकू, मले तुम्हाले काहीतरी सांगायचं आहे." सिग्नलवर बाजूचा माणूस पाहून राहिला.

काकू मशीनवर. काकूच्या उमरेडच्या माहेरची माणसं सगळी मागावर विणणारी, हातातला धागा सोडून बोलतच नाहीत. साडी पाहिली, म्हणाल्या, हिले तर फॉल हाय की वं. मी म्हणाली, चुकून आणली. म्हणाल्या, असू दे, बस. चहा दिला. काका आले, माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुम्ही पोरं येता तर हिले बरं वाटते. तुमचा काय दोष. आमचंच नाणं खोटं."

चहा संपवला आणि आली.

खोटं नव्हतं काका. हे तोंडातून निघालं असतं तरी पुष्कळ होतं.


रवि., २३ फेब्रु.

मागचा रविवार पायलच्या इंटरव्ह्यूत गेला, आज दोन काढल्या. पहिली माझी. हरलेल्या क्रिकेट टीमची मिरवणूक काढायची, अशी होती. आता वाचूनच फालतू वाटली. दुसरी काकूनं हातात धरून ठेवली, बराच वेळ देईनाच.

"त्याची."

"डबा ज्याच्या घरी आहे त्याच्या आईले गाडीवर बसवायचं. ती म्हणेल तिथं न्यायचं. का काहून विचारायचं नाही."

पाच पूर्ण झाल्या, हर्षल म्हणाला. संक्याच्या सगळ्या निघाल्या काकू. पायलनं डोळे पुसले. काकू पदराचं टोक बोटाले गुंडाळत बसल्या होत्या.

"मले तिथं घेऊन चला. खाणीवर."

हर्षल डब्याचं झाकण लावत बसला. मग काकूच म्हणाल्या, काहून विचाराचं नाई, असं लिवलं हाय ना. ऋतूच्या गाडीवर बसतो मी. ती हळू चालवते.


बुध., २६ फेब्रु.

गेलो. महाशिवरात्रीची सुट्टी. हर्षल-पायल एका गाडीवर, काकू माझ्या मागं. एक हात माझ्या खांद्यावर पूर्ण रस्ताभर. उमरेडच्या अलीकडं म्हणाल्या, इथं उजव्या हाताले माह्या बापाचा माग होता. आता तिथं गाड्या धुतात.

खाणीले आता तार लावली आहे. हर्षलनं तार वर धरली. मी म्हणाली, काकू इथूनच पाहा. त्या वाकून आत गेल्या. तारेपासून काठ दहा पावलं असेल, काळा भुसभुशीत मुरूम. संकेत तिथंच घसरला. चप्पल काढून आमच्याकडं वळून म्हणाला होता, "राजा कोण?" आणि पाय मागं टाकला. पाण्याकडं पाठ. पुढं उतार आहे हे दिसतच नाही, पाणी एकदम सुरू होते. हर्षल पोहता येत नसताना उतरला होता, ते कोणी कधी बोलत नाही. दोर घेऊन गावातले लोक आले तोपर्यंत...

काकूनं चपला काढल्या.

मी मागून कमरेले मिठी मारली, दोन्ही हातानं. काकू म्हणाल्या, सोड वं, म्या कुठं जातो. पण सोडली नाही मी. तशाच उभ्या राहिलो दोघी. पायल लांब उभी राहून रडून राहिली होती.

"पाणी तर हिरवं हाय," काकू म्हणाल्या. "हर्षल तर म्हणे, चिठ्ठीत निळं लिवलं होतं."

हर्षल म्हणाला, हाव, निळं पाणी पाहायचं आणि पहिला पाय टाकेल तो राजा.

"त्यानं हे लहानपणापासून पायलं होतं. माह्या भावासंग येत जाय. तो निळं काहून लिवल?" मग थोड्या वेळानं, "आणि राजा-बिजा असं बोलत नव्हता तो. त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या पाय. कोणाले जिंकवा नाई, कोणाले हरवा नाई. गाणं म्हणा, आईले फिरवा."

माझे हात त्यांच्या पोटावर होते. कळलं असेल. 'राजा' ऐकून पकड सुटली होती.

येताना काकूनं पूर्ण रस्ताभर खांद्यावर हात ठेवलाच नाही. मागची कडी धरून बसल्या. की मलेच तसं वाटलं. खड्डे होते म्हणून धरली असेल.


शुक्र., २८ फेब्रु.

डाव्या हातानं लिहून पाहिलं: ती माझी होती. तेच अक्षर आलं. अगदी तेच.

पान फाडलं.


रवि., ९ मार्च

बोटं लावली डब्याले तर सरळ तळ लागला. २६ जानेवारीले एक आणि मागच्या रविवारी दोन झाल्या त्या इथं लिहिल्याच नाही, आता तीनच उरल्या होत्या. मी काढली. उघडली आणि पाहताक्षणीच कळलं. इतक्या दिवसांत मलेबी ते 'क'चं पोट ओळखू येते आता.

"डबा संपला की ज्यानं त्यानं आपल्या पाच ओळखून परत घ्यायच्या. सगळ्यांसमोर. खोटं बोलेल तो डुक्कर."

काकूनं घेतली, चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"ही त्याची हाय."

हर्षल म्हणाला, नाही काकू, त्याच्या पाच झाल्या ना. पायल म्हणाली, अक्षर सारखंच असते काकू सगळ्यांचं. काकू म्हणाल्या, मले विचारता? मग हर्षलनं हात झटकला, म्हणाला, "मग संक्यानं सहा टाकल्या असतील. बेईमान होता साला, खेळात कधी सरळ खेळला का?" हसायले म्हणूनच म्हणाला तो, वातावरण हलकं करायले.

काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ते बी केलं म्हणा."

आधी बेअक्कल, आता बेईमान. माझ्या समोर. मी बसलेली असताना. तोंड उघडलं मी, खरंच उघडलं, आणि "पाणी मिळेल का काकू" म्हणाली.

काकूनं पाणी दिलं. चिठ्ठी मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली. "डबा संपू दे. मग पाहू सहा की पाच."


रवि., १६ मार्च

पायल घरी आली. धुळवडीचा रंग अजून कानामागं. तिले पुण्याले नोकरी लागली, एक तारखेले जॉइन व्हायचं आहे. गच्चीवर बसलो. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "मले माहीत आहे कोणाची आहे."

मी दोरीवरचे कपडे काढायले लागली.

रील तूच दाखवली होती मले, म्हणाली. जूनमध्ये. निळं पाणी. मी विसरली असं वाटलं का तुले? त्या दिवशी दवाखान्यात काका ओरडून राहिले होते, कोणी लिहिलं, कोणी लिहिलं, तू भिंतीले टेकून पांढरी पडली होती, म्हणून मीच म्हणाली, त्याचीच होती. पहिलं खोटं माझं आहे ऋतू. तुझं नाही.

दोघी रडलो. मग मी विचारलं, सांगू का? ती म्हणाली, मले नको विचारू. मी तर चालली पुण्याले.

राग आला तिचा. आणि इतकं बरंबी वाटलं की कोणालेतरी माहीत होतं. दोन्ही एकदमच.


रवि., २३ मार्च

शेवटच्या दोन काढून टाकल्या, पायल जाणार म्हणून. एक हर्षलची, संत्रा बर्फी डोळे बांधून ओळखायची. एक पायलची, कोणाच्या तरी लहानपणच्या शाळेत जाऊन बाकावर बसायचं. हर्षलच्या शाळेत गेलो. वॉचमननं दहा मिनिटं दिली. बाक इतका छोटा की गुडघे मावेना. तीन जणांचा बाक होता. व्यवस्थित बसलो तिघं. कोणीच जागा नाही सोडली यावेळेस. ते बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याले काढून टाकलं असं वाटलं.

डबा रिकामा. हर्षलनं उलटा करून तळावर टपली मारली. पुढच्या रविवारी आपापल्या परत घ्यायच्या, काकूनं सांगून ठेवलं. पाडवा आहे, काही हरकत नाही, आमच्याकडं या वर्षी गुढी नाई, या म्हणाल्या.


शनि., २९ मार्च

आईनं विचारलं, उद्या जाऊन राहिली का? हाव म्हणाली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, ताप आहे असं कळव. कपाळाले हात लावून पाहिलं तिनं माझ्या, खरंच असेल तर बरं म्हणून. नव्हता.

चिठ्ठी काढून पाहिली. घडीवर कागद विरत चालला आहे. "राजा"चा काना तुटला. अजून सहा महिने ठेवली तर आपोआपच वाचता येणार नाही. हा विचार मले आला. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी कोणी फार चांगली होती असं मलेच वाटायले नको.


रवि., ३० मार्च. पाडवा.

बेसात, काकूच्या हॉलमध्ये बसून लिहून राहिली. वही आणली होती सोबत. आणायचं ठरवलं नव्हतं, पिशवीत टाकली गेली.

पूर्ण गल्लीत गुढ्या. इथं फक्त दाराले आंब्याच्या पानांचा टाळा. काका भावाकडं गेले आहेत. काकूनं खाली चादर अंथरली, धागा कापला आणि सगळ्या चिठ्ठ्या पसरवून ठेवल्या. त्या स्वतः पाटावर बसल्या. आधी त्याच्या उचलल्या, एक एक. धाग्यावरच्या दोन. फुटाळ्याची. खाणीवर नेलं ती. आणि ड्रॉवरमधली. पाच. मांडीवर ठेवल्या.

हर्षलनं घेतल्या, पाच. पायलनं घेतल्या, पाच. वाचून हसले थोडं. पायलनं माझ्याकडं पाहिलं नाही. मग हर्षलच्या लक्षात यायले लागलं असावं. चादरीवर उरलेल्या मोजल्या त्यानं, बोट न लावता, नुसते ओठ हलवून. माझ्याकडं पाहिलं. पायलचं सामान पॅक करायचं आहे म्हणून उठला, तिले घेऊन गेला. दारात त्यानं डाव्या पायात उजवी चप्पल घातली.

मीबी उठली. काकू म्हणाल्या, "तू थांब."

मी माझ्या उचलल्या. मिरवणुकीची आणि बाकीच्या तीन.

"तुह्या किती झाल्या वं?"

"चार."

काकू चष्मा काढून माझ्याकडं पाहत राहिल्या. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर सोपं झालं असतं.

"मी चहा ठेवून येतो. तू परत मोज."

आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग लायटरचा. मी इथंच खाली बसली आहे. चार चिठ्ठ्या समोर. मागच्या कव्हरातून ती काढली. घडी उघडताना मधातून फाटली, दोन तुकडे झाले. ते जोडून त्या चारींच्या खाली ठेवले, नीट, वाचता येईल असे.

मोजल्या. पाच.

दाराजवळ माझ्या चपला दिसून राहिल्या. आत साखरेचा डबा उघडला. कप दोनच काढले, आवाजावरून कळते. गाळणी आपटली. येऊन राहिल्या